चाचणीचं पान

अरबीतून इंग्रजीत अनुवाद करणारा माणूस हवाय, आणि तोही दुकानांतल्या कामाचा? मग ताईला सांगा, ती शोधून देईल. फक्त त्याआधी ती प्रत्येक उमेदवाराला चाचणीसाठी एक पान देते, आणि ते पान सगळ्यांना एकच असतं: एका इस्त्रीचं माहितीपत्रक. ही इस्त्री आता कुठल्याही दुकानात मिळत नाही, ती बनवणारा कारखानासुद्धा तिला विसरला असेल. ऑफिसातले नवे लोक हसतात, बाईंना दुसरं पान सापडत नाही का म्हणून. सापडतं हो, कपाट भरलंय पानांनी. पण ती देत नाही, आणि का देत नाही हे सांगतही नाही. सांगायला तोंड हवं ना.

ताई म्हणजे घरातली थोरली. वडील अचानक गेले तेव्हा कॉलेज अर्धवट टाकून नोकरीला लागली, धाकट्या भावाला शिकवलं, त्याला लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत चिकटवलं, त्याचं लग्न करून दिलं. या धावपळीत तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. त्याच्या बदल्यात घरात तिच्या शब्दाला वजन होतं. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे इथपासून डॉक्टर कुठला गाठायचा इथपर्यंत आई एकच सांगायची, "ताईला विचारा." ताई बोलली की विषय संपला. आणि माणसाला एकदा अशी सवय लागली ना, की मग ती सुटत नाही.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान, त्याचं यंत्र सुरू झालं की वर फोनवर बोलणाऱ्याला मधेच गप्प बसावं लागे. बाहेरच्या खोलीत टेबलं, आत साहेबांची काचेची खोली, आणि कोपऱ्यात पाण्याचं एक गळकं यंत्र. त्याखाली ठेवलेल्या ताटलीला ज्याचा पाय लागेल त्यानं फरशी पुसायची, असा नियम होता. ताईला अरबीतलं ओ की ठो कळत नव्हतं. इंग्रजी वाचता यायची, पण लिहायला बसली की घाम फुटायचा. तिचं काम माणसं शोधायचं. कागद बघितला की त्याला कुठला माणूस लागेल हे तिला बरोबर कळायचं. पाठीमागे तिला चाळणी म्हणत. तिला ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोला, आवडतही होतं.

तर एक दिवस एका मोठ्या दुकानांच्या साखळीचं काम आलं. चादरी, किटल्या, उशा, खेळणी असला घरगुती माल. माल यायचा अरबी मुलखातून, सगळे कागद अरबीत, आणि इथल्या गिऱ्हाईकांना सगळं इंग्रजीत हवं. खोक्यावरच्या सूचना, कपाटांवरची कार्डं, माहितीपत्रकं, गल्ल्यामागे लावायच्या पाट्या. साहेब म्हणाले, "बाई, रिटेलचा माणूस शोधा." एवढं बोलून ते मोकळे झाले.

रिटेलचा माणूस म्हणजे काय, हे ज्यानं शोधलाय त्यालाच विचारा. अरबी येणारे चिकार, इंग्रजी येणारे त्याहून चिकार. पण पहिला आला तो कोर्टकचेरीत आयुष्य घालवलेला. त्यानं उशीच्या चिठ्ठीवर लिहिलं की उक्त उशी धारकाने उक्त उशीची खोळ वेळोवेळी धुण्याचे करावे. वाचून असं वाटे की उशी घेतली तर समन्स येईल. दुसरा आला तो कवी. त्यानं तव्याला चंद्र करून ठेवला, आणि तवा किती तापवायचा ते राहूनच गेलं. दुकानातल्या भाषेला वेगळीच नजर हवी. कपाटासमोर उभ्या असलेल्या बाईच्या एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर, आणि तिला क्षणात कळलं पाहिजे की ही चादर गरम पाण्यात टाकायची की नाही.

माणूस मिळेना आणि माल तर दुकानात यायला लागला. तेव्हा ताईला ती कल्पना सुचली. साहेबांची नव्हती हो, तिचीच. त्या धंद्यात चाचणी फुकट असते. उमेदवारानं एक पान करून दाखवायचं, ही रीतच आहे. एरवी सगळ्यांना एकच पान देतात, म्हणजे तुलना करता येते. ताई म्हणाली, "साहेब, प्रत्येकाला वेगळं पान दिलं तर?" साहेबांना एक क्षण लागला. मग त्यांनी चष्मा काढून तिच्याकडे असं पाहिलं की जणू ऑफिस तिनंच बांधलंय. फुकटचं ते पौष्टिक.

जाहिरात तिनंच लिहिली: कायमस्वरूपी जागा, चाचणी आवश्यक. जागा वगैरे काही नव्हती. खऱ्या कामाची पानं एकेक करून वाटली गेली, आणि ज्याचं पान परत आलं त्याला तिनं गोड शब्दांत कळवलं की आपली चाचणी उत्तम होती, परंतु सध्या निवड होऊ शकत नाही. त्यातला पहिला अर्धा भाग खरा असायचा, म्हणून तिला ते फारसं खोटं वाटायचं नाही. माणूस स्वतःला काय काय पटवतो.

मग एका बाईचा फोन आला. शांत आवाज. म्हणाली, "मी तुमच्याकडे चाचणी दिली होती, खेळण्याची. काल भाचीसाठी खेळणं घेतलं, तर खोक्यावर माझीच वाक्यं होती." खाली किल्लीचं यंत्र सुरू झालं. ताई म्हणाली, "आवाज येत नाहीये, नंतर करा," आणि फोन ठेवला. आवाज चांगला येत होता. तिचे कान तापले, पाय ताटलीला लागला, आणि तिनं निमूट फरशी पुसली. त्यानंतर चाचणीला कोणी येईना. अनुवादक काय, एकमेकांना ओळखतातच.

सगळं झालं होतं, एकच पान उरलं होतं: माल बदलून देण्याचे नियम. हे सगळ्या दुकानांत गल्ल्यामागे मोठ्या अक्षरांत लागायचं होतं, त्यामुळे हेच सगळ्यात महत्त्वाचं. साहेब रोज काचेतून बघायचे. ताई ते पान पर्समध्ये घालून घरी आणायची आणि तसंच परत न्यायची.

आता घरातल्या माणसाकडे वळू. भावाच्या बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत. तिचं बालपण परमुलखात गेलं होतं. वडील तिकडे एका गोदामात नोकरीला. शाळा अरबीत, आणि शाळा सुटली की शेजारच्या कापडदुकानात बसून गिऱ्हाईकांची घासाघीस ऐकायची. कॉलेजात इंग्रजी झाली. लग्नानंतर मात्र यातलं काही उपयोगी पडलं नाही. नोकरीचे अर्ज करून थकली. आईचं तोंड फटकळ. धाकटी जरा पुस्तक घेऊन बसली की आई म्हणायची, "त्या अरबीनं भांडी घासली जातात का, विचार एकदा." धाकटी हसून उठायची. तिचं हसणं बघून ताईला वाटायचं, हिला लागत नसेल. आपल्या सोयीचं ते आपल्याला पटकन खरं वाटतं.

त्या दिवशी जेवताना भाऊच म्हणाला, "ताई, तुमच्याकडे अरबीचा माणूस शोधताय ना? मग ही काय वाईट आहे?"

धाकटीनं मान वर केली नाही, पण तिचा हात ताटात थांबला.

ताईनं खरं सांगायला हवं होतं. सांगायला काय लागत होतं? जागा नाही गं, नुसतं काम काढून घेतोय. पण मग आई विचारणार, कोण काढून घेतंय? भाऊ विचारणार, कल्पना कुणाची? ताईच्या डोळ्यांसमोर पर्समधलं ते पान आलं, काचेमागचे साहेब आले, आणि जीभ आपोआप वळली. "चाचणी द्यावी लागेल," ती म्हणाली. "सगळ्यांनाच द्यावी लागते. घरची म्हणून सूट नाही."

"सूट कशाला हवी," धाकटी म्हणाली. "मी देते ना, ताई."

पर्समधलं पान धाकटीच्या हाती गेलं, आणि पुढचे दोन-तीन दिवस त्या घरात जत्रा होती म्हणा ना. धाकटीनं स्वयंपाकघरातल्या ओट्याचा गल्ला केला. आईला केलं गिऱ्हाईक आणि हातात दिली झाकण तुटलेली किटली. "आता भांडा माझ्याशी," म्हणाली. आईला हे सांगावं लागतं होय? आईनं जी काय तोंडाची तोफ सोडली, की शेजारीण डोकावून गेली. धाकटी ओट्यामागे उभी राहून एकेक नियम इंग्रजीत, मग आईसाठी आपल्या भाषेत म्हणायची आणि विचारायची, "हे ऐकून राग वाढला की उतरला?" आई खरंखरं सांगायची. "हे मास्तरासारखं झालं. दुसरं बोल." तिसऱ्यांदा, चौथ्यांदा धाकटी ओळ बदलायची. शेवटी एक ओळ ऐकून आईनं किटली ओट्यावर ठेवून दिली आणि म्हणाली, "आता काय भांडायचं राहिलं?" मन बदललं? घेऊन या. का ते आम्ही विचारणार नाही. असं काहीतरी होतं ते.

ताई बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसली होती. घरात सासू-सुना एवढ्या हसताना तिनं पहिल्यांदा ऐकल्या. तिला वाटलं, उठावं आणि सांगावं. तिनं पान उलटलं.

ऑफिसात साहेबांनी ते पान वाचलं, परत वाचलं, मोठ्यानं वाचलं. "कुणाचं हे?"

"आहे एक उमेदवार," ताई म्हणाली.

"बाई, असली माणसं चाचणीला येत असतील तर नेमायचं कुणाला कशाला?" असं म्हणून साहेब हसले. आणि ताईही हसली. यात काही विचार नव्हता हो, साहेब हसले म्हणून ती हसली. पण ते हसू तिच्या तोंडावर राहिलं आणि जिना उतरेपर्यंत जाईना. किल्लीवाल्यानं विचारलंसुद्धा, "आज काय खुशी, ताई?"

नकाराचं गोड पत्र तिनं बाकी सगळ्यांना पाठवलं होतं. हे कसं पाठवणार? घरात शिरलं की धाकटी पाण्याचा पेला पुढे करायची आणि तोंडानं काही न विचारता उभी राहायची. ताई म्हणायची, "अजून वर ठरायचंय." वर कोण आणि ठरवणार काय, ते देव जाणे. इकडे भावानं कंपनीत सगळ्यांना सांगून टाकलं. धाकटीनं मुलाखतीसाठी बूट आणले, काळे, साधे, आणि पायाला सवय व्हावी म्हणून घरातच घालून फिरायची. सगळ्यात मोठं म्हणजे आई बदलली. संध्याकाळची भांडी आई स्वतः घासायला लागली. "राहू दे, तू तुझं वाच," म्हणायची, "उद्या नोकरीला लागलीस की होणारच आहेत हाल." ताईच्या खोट्यात नोकरीबरोबर आता भांडीही आली होती. जितके दिवस गप्प बसावं तितकं सांगणं अवघड, आणि तितकं अवघड म्हणून आणखी गप्प.

मग आईनं हट्ट धरला की तुटकी किटली पुरे झाली, नवी आणायची, आणि त्याच दुकानातून आणायची. "बघू तरी आमच्या सुनेची होणारी दुकानं." ताई म्हणाली डोकं दुखतंय. आई म्हणाली, बाहेरच्या हवेनं थांबेल. चौघं निघाले. धाकटीनं नवे बूट घातले होते.

दुकान मोठं, उजेड भरपूर. किटल्या एका बाजूला मांडलेल्या. ताई मुद्दाम मागे मागे, चादरींच्या आड. पण गल्ला काही चुकवता येत नाही. आईनं किटली ठेवली, भावानं खिशात हात घातला, आणि धाकटीची नजर वर गेली. गल्ल्यामागच्या भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती ओळ होती.

धाकटीनं ती सावकाश वाचली, ओठ हलवत. मग तिनं आईची बाही ओढली, लहान मुलगी ओढते तशी. "आई, ते बघा. ओट्यावरचं."

आईला वाचता कुठे येत होती इंग्रजी, पण आईला कळलं. ती गल्ल्यावरच्या मुलीला म्हणाली, "हे आमच्या सुनेनं लिहिलंय. किटली मी धरली होती."

"हो का?" मुलगी म्हणाली. "खूप छान आहे हो. सगळ्या शाखांमध्ये लागलंय, महिना होत आला."

"महिना?" भाऊ म्हणाला. तो हसतच होता. "म्हणजे निवड कधीच झाली की. ताई, सरप्राइज ठेवलं होतंस काय?"

तिघंही ताईकडे वळले. धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं असं म्हणतात ना, तसं तिला वाटलं. पण दुकानाची फरशी पक्की होती. आई हसत वाट बघत होती. भाऊ हसत वाट बघत होता. धाकटी मात्र हसायची थांबली होती. ती ताईच्या चेहऱ्याकडे बघत होती, वर पाटीकडे नाही, आणि तिथे जे काही लिहिलं होतं ते तिनं वाचलं.

"नोकरी आली होती," धाकटी म्हणाली. "मीच नको म्हटलं."

"काय?" आई म्हणाली.

"ताईंनी खूप समजावलं. पण दिवसभर एका जागी बसून मला नाही जमणार. तुम्ही रागवाल म्हणून आम्ही सांगितलं नाही."

आईचा चेहरा उतरला आणि मग चढला. पुढचा सगळा रस्ता आईच बोलत होती. घरी चालून आलेली नोकरी लाथाडली. नशीबच फुटकं त्याला कोण काय करणार. ताईनं बिचारीनं शब्द टाकला असेल, तिला मान खाली घालायला लावली. भाऊ किटलीचं खोकं धरून चालत होता. कंपनीत काय सांगायचं याचा विचार करत असावा. धाकटी ऐकून घेत होती. आणि ताई? ताई सगळ्यांच्या मागे चालत होती. "ताईनं बिचारीनं" हे तिनं आपल्या कानांनी ऐकलं आणि ऐकून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या रस्त्यावर कळलं, पण कळूनही तिची जीभ सुटली नाही.

घरी आल्यावर आईनं टीव्ही लावला आणि सिंकमधल्या भांड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धाकटीनं बूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि नळ सोडला. ताई आत गेली, टॉवेल घेतला, आणि एकेक भांडं पुसायला लागली.

"तू तसं का सांगितलंस?" तिनं हळूच विचारलं.

"तुमचं तोंड बघवेना, ताई."

नळाचं पाणी वाहत होतं. धाकटीनं एक पातेलं घासून झाल्यावरही परत घासलं. मग म्हणाली, "जागा नव्हतीच ना?"

"नव्हती."

"मला वाटलंच होतं, नंतर नंतर." तिनं पातेलं ताईच्या हातात दिलं. "एकच खरं सांगा. चाचणीत मी पास झाले होते ना?"

आता या प्रश्नाला काय उत्तर देणार? ती चाचणी नव्हतीच, तिला कुणी गुण दिलेच नव्हते, तिचं पान वाचून दोन माणसं हसली होती आणि त्यातली एक ती स्वतः. "झाली होतीस," ताई म्हणाली. "पहिली आली होतीस." धाकटीनं मान डोलावली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखर थोडं समाधान आलं. ते समाधान ताईला बघवलं नाही.

तिनं टॉवेल खांद्यावर टाकला, बाहेर गेली आणि टीव्ही बंद केला.

"का गं?" आई म्हणाली.

"हिनं नोकरी नाकारली नाही. नोकरी नव्हतीच. चाचणी म्हणून आम्ही लोकांकडून फुकट काम करून घेत होतो. कल्पना माझी. हिला पान दिलं तेव्हाही मला सगळं माहीत होतं." तिला वाटलं होतं आवाज कापेल. आवाज अगदी ऑफिसातल्या फोनवरचा निघाला, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

भाऊ खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. आईनं विचारलं, आणि रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं, "अगं, एवढं जग पडलंय. मग घरातल्या पोरीला कशाला दिलंस ते पान?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. धाकटी दारात येऊन उभी होती, ओल्या हातांनी. ताईकडे उत्तर होतं, फक्त ते इतकं लहान होतं की तोंडातून काढताना तिची मान आपोआप खाली गेली.

"दुसरं कुणी उरलं नव्हतं," ती म्हणाली.